कड्यावरची माकुडी

शिंदळ माकुडी जगवणं अजिबात अवघड नाही. कुणाच्या कुंडीतली एक कांडी मिळाली की ती तीन-चार दिवस सावलीत ठेवून तुटलेली जागा सुकू द्यायची आणि भरड वाळू, खडी मिसळलेल्या मातीत खोचायची. पाणी बेताचं. थोड्या दिवसांत ती धरते. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर ती आहे. युरोपात निवडुंग जमवणाऱ्या हौशी लोकांच्या काचघरांत ती कित्येक वर्षं आहे. माझ्या साताऱ्यातल्या घराच्या पश्चिमेकडच्या कठड्यावरही एक कुंडी आहे आणि दर भाद्रपदात ती फुलते.

हीच वनस्पती भारताच्या रेड डेटा बुकात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. जगभर कुंड्यांतून सुखाने वाढणारं झाड आपल्याच डोंगरावर धोक्यात असू शकतं, ही गोष्ट लोकांना सांगायला गेलं की ते बुचकळ्यात पडतात. "अहो, मग लावा की डोंगरावर नेऊन चार रोपं," असं म्हणतात. सल्ला मनापासूनचा असतो. पण माकुडीचा प्रश्न रोपांचा नाही, जागेचा आहे. ती जागा कशी असते, तिथं काय काय होतं आणि आपण काय करून बसतो, हे सांगण्यासाठीच हा लेख.

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याला लागलं की परळी खोऱ्यात शिरताना सज्जनगड दिसतो. माथा सपाट, आणि त्याखाली चहूबाजूंनी ताशीव कडा. आपला सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. दोन कठीण थरांच्या मधला मऊ भाग ऊनपावसाने आधी झिजतो आणि कड्याच्या पोटात आडव्या अरुंद पट्ट्या तयार होतात. अशा पट्टीवर कुठे चार बोटं माती साठते, कुठे तीही नाही, नुसती फट असते. माकुडी तिथं राहते. सज्जनगड, शिवनेरी, पुरंदरचा वज्रगड, महाबळेश्वरचा डोंगर, मुळशीकडचं आंबवणे, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा: तिच्या ठिकाणांची यादी वाचायला फार वेळ लागत नाही. महाराष्ट्राबाहेर ती रानात वाढत नाही.

पावसाळ्यात ती शोधणं त्यातल्या त्यात सोपं. बोटापेक्षा बारीक, करड्या-हिरव्या, मांसल कांड्या दगडाला धरून आडव्या पसरलेल्या असतात किंवा खाली लोंबत असतात. शेंड्याकडे जाडसर, लांबट-गोल पानं. त्या पानांच्या बगलेतून ऑगस्टपासून पुढं फूल येतं, एखाद्या ठिकाणी दोन. रुपयाच्या नाण्याएवढं, पाच पाकळ्यांची चांदणी, गडद लालजांभळी, मखमली. वर पिवळसर ठिपक्यांची आणि रेघांची नक्षी असते, ती झाडागणिक थोडी वेगळी. पाकळ्यांच्या कडेला बारीक केस असतात. दुर्बिणीतून ते दिसत नाहीत. कुंडीतल्या फुलाजवळ डोळा नेला तरच दिसतात, आणि मग त्यांच्यावरून नजर हटत नाही.

हे फूल मधमाश्यांसाठी नाही, ते साध्या माश्यांसाठी आहे. माकुडी रुईच्या कुळातली, आणि या कुळात पराग सुटा उडत नाही, तो पुंजक्यांत बांधलेला असतो. माशीचा पाय किंवा सोंड फुलातल्या नेमक्या खाचेत अडकली पाहिजे, बाहेर पडताना तिने तो पुंजका ओढून नेला पाहिजे, आणि दुसऱ्या फुलावर बसून तितक्याच नेमक्या खाचेत तो सोडला पाहिजे. एवढं जमलं तर शेंगांची जोडी धरते. शेंग उकलली की रेशमी झुपका असलेलं बी वाऱ्यावर निघतं. कड्याला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यात अशी किती बियाणी एखाद्या फटीत पडून रुजत असतील, याचा विचार करून बघावा. कुंडीत आपण कांडी खोचतो आणि झाड वाढतं, पण ते त्याच झाडाचा पुढचा तुकडा असतं. नवं झाड जन्मतं ते या माशीच्या आणि वाऱ्याच्या वाटेने.

मला या वनस्पतीचं सर्वांत जास्त अप्रूप कशाचं असेल तर तिच्या दोन पाळ्यांचं. तिच्या नात्यागोत्यातल्या, माकडशिंगासारख्या बहुतेक वनस्पतींनी पानं जवळजवळ सोडूनच दिली आहेत, नुसत्या कांड्यांवर त्यांचं भागतं. माकुडीने पानं ठेवली. 1977 साली लांगे आणि झुबर या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की हिची पानं एका पद्धतीने अन्न तयार करतात आणि खोड दुसऱ्या. पावसात पाणी भरपूर, तेव्हा पानं बहुतेक वनस्पतींसारखी दिवसा रंध्रं उघडून कर्बवायू घेतात. पाऊस सरला, कातळ तापायला लागला, की ती पानं गाळून टाकते आणि सगळा कारभार कांड्यांकडे जातो. कांड्या दिवसा रंध्रं बंद ठेवतात म्हणजे पाणी उडत नाही. रात्री ती उघडतात, कर्बवायू आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवस उजाडला की आतल्या आत त्याचं अन्न करतात. आपल्याकडचं वर्ष जसं चार महिने धोधो आणि आठ महिने कोरडं, तसंच तिचं अंग. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कड्यावरच्या ऋतुमानाचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कुणी मांडलेला मी पाहिलेला नाही.

तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातला वनस्पतितज्ज्ञ निकल डॅल्झेल याने 1865च्या सुमारास तिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ते तेव्हाच्या गव्हर्नराचं, सर बार्टल फ्रियर याचं. हा फ्रियर साताऱ्याला नवा नव्हता. छत्रपतींचं राज्य कंपनीने खालसा केलं त्या काळात तो इथंच रेसिडेंट आणि नंतर कमिशनर होता. एका परीने सातारकरांच्या इतिहासातला तो एक दुखरा माणूस, आणि त्याचं नाव आपल्याच गडावरच्या फुलाला चिकटलं. असो. बरीच वर्षं ही वनस्पती एकटीच एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात (जीनसमध्ये), होती, दुसरी बहीण नाही. त्यामुळे अभ्यासकांच्या लेखी तिचं वजन मोठं होतं: ती गेली तर एक जाती नव्हे, अख्खी प्रजाती जाणार. पुढं रेणूंच्या पातळीवरचा अभ्यास झाल्यावर काहींनी तिला बूसेरोशिया या मोठ्या प्रजातीत घातलं. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यही असेल. मला एवढंच वाटतं, की पुस्तकात तिचं घराणं बदललं म्हणून कड्यावरच्या तिच्या पट्टीची लांबी-रुंदी बदललेली नाही, आणि तिची काळजीही कमी होऊ नये.

धोक्याचा दर्जा कसा ठरतो हे मला माझ्या भाचीने समजावलं. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आता दोन वर्षं कडेकपारी हिंडते आहे. परळीच्या एका चहाच्या टपरीवर बसून तिने मोबाइलवर नकाशा उघडला आणि त्यावर चौकोनांची जाळी टाकली.

"मामा, हा एक चौकोन. दोन किलोमीटर लांब, दोन रुंद. यात एक जरी झाड सापडलं तरी पूर्ण चौकोन भरला असं धरायचं."

मी बघितलं. त्या एका चौकोनात गड होता, खालची वस्ती होती, शेतं होती आणि उरमोडी धरणाच्या पाण्याचा कोपराही होता.

"म्हणजे एवढ्या सगळ्यात माकुडी?"

"कागदावर. खरी जागा तुम्ही बघितलीयच."

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, निकषांत अशा चौकोनांची बेरीज 10 चौरस किलोमीटरच्या आत आली तर वनस्पती अतिसंकटग्रस्त ठरू शकते, 500च्या आत आली तर संकटग्रस्त, 2000च्या आत आली तर असुरक्षित. जोडीला ठिकाणं किती मोजकी आहेत, वस्ती किती तुटक आहे, घट चालू आहे का, हेही पाहतात. आता चार चौरस किलोमीटरचे दोन चौकोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. तीन वेगवेगळ्या गडांच्या एकेका पट्टीवर मिळून पाच-पन्नास झाडं असली, तरी निदान या कसोटीवर ती सर्वांत वरच्या धोक्याच्या पायरीवर बसत नाही. मी जरा तावातावाने हे बोललो तेव्हा भाचीने मला थांबवलं. तिचं म्हणणं असं, की ही जाळी मुद्दाम सगळ्यांना सारखी ठेवलेली आहे. वाळवंटातलं झुडूप, समुद्रकाठचं गवत आणि कड्यावरची माकुडी एका मापाने मोजता आली पाहिजेत, नाहीतर जगाची यादी करताच येणार नाही. "यादी इशारा देते मामा. राखण करायचं काम यादीचं नाही." तिचं पटलं. तेव्हापासून मी यादीला दोष देत नाही.

त्याच दिवशी उतारावर एक आजी शेरडं चारत होत्या. भाचीने त्यांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले आणि लगेच ओळखलं.

"ही व्हय? ही माकुडी. वर कड्याला असती. आमी बारकी असताना खायाचो की. आंबूस-खारट लागती."

"खाली नाही का येत, आजी? या उताराला?"

"खाली कशी ऱ्हाईल बाळा? ही ठिवत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी काठीने शेरडांकडं दाखवलं.

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. माकुडी माझ्या कठड्यावर, सपाट कुंडीत, काही तक्रार न करता वाढते. म्हणजे तिला उभा कडाच हवा असं काही नाही. कमी माती, भरपूर उजेड आणि पाण्याचा निचरा एवढं मिळालं तर ती उतारावरही राहिली असती. कडा तिने निवडला असेलही, पण आज ती तिथं उरलेली आहे ती मुख्यतः तिथं दात आणि हात पोचत नाहीत म्हणून. माणसाचेही हात आलेच त्यात. तिच्या नात्यातल्या माकडशिंगाचा अर्क भूक मारण्याचं, वजन उतरवण्याचं औषध म्हणून बाजारात विकला जातो, तेव्हा रसाळ कांडी दिसली की उपटणारे निघायला वेळ लागत नाही. एखाद्या वनस्पतीची शेवटची आसऱ्याची जागा म्हणून कड्याकडे पाहिलं, की त्या पट्टीवर होणारी बारीकसारीक गोष्टही मोठी वाटायला लागते. कारण तिथून मागे सरायला आणखी जागा नाही.

पहिली गोष्ट वणवा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात साताऱ्याच्या भोवतीचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. अजिंक्यतारा, यवतेश्वर, कुठलाही डोंगर घ्या. जाळलं की पुढच्या पावसात गवत चांगलं येतं ही समजूत अजून घट्ट आहे, आणि कुठे विडी-काडीचा निष्काळजीपणा असतो. गावोगावची पोरं झाडाच्या फांद्या घेऊन आग झोडपून विझवतात, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. उतारावरचं वाळलेलं गवत पेटलं की आग वर सरकते आणि कड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यांपर्यंत जाते. मी आगीनंतरची एक पट्टी जवळून पाहिली आहे. गवताची नुसती काळी राख होती. माकुडीच्या कांड्या जळून गेलेल्या नव्हत्या, त्या शेकून मऊ पडल्या होत्या, आतलं पाणी उकळून कातडी सुरकुतली होती आणि हात लावला तशी एक कांडी गळून पडली. आठ महिन्यांसाठी तिने जपून ठेवलेलं पाणीच तिच्या जिवावर उठलं होतं. मागे, दगडाला अगदी चिकटलेल्या फटीत, एक बोटभर तुकडा हिरवा राहिला होता.

दुसरी गोष्ट आपल्याच चांगल्या कामांतून येते, म्हणून सांगायला जड जाते. गडांची डागडुजी व्हायलाच हवी. तटात पिंपळ-उंबर रुजले की मुळांनी चिरे फुटतात, ते काढायलाच हवेत. गडप्रेमी मंडळी सुट्टीच्या दिवशी घाम गाळून हे करतात. पण साताऱ्याच्या आसपासच्याच एका गडावर असं काम झालं तेव्हा दोराला लटकलेल्या मजुरांनी तटाखालच्या कातळावरची सगळीच 'घाण' खरवडून काढली. त्यात माकुडी होती. उन्हाळ्याचे दिवस, तिला पान नाही, फूल नाही, दगडावर पडलेल्या काटक्यांसारख्या करड्या कांड्या. त्यांना ती कशी ओळखू यावी? कुणी सांगितलंच नव्हतं. मी गेलो तेव्हा खाली दगडांच्या राडारोड्यात कांड्या वाळत पडल्या होत्या. राग कुणावर काढावा हेही कळेना. काम करवून घेणाऱ्यांना गडाची माया होती, मजुरांना दिवसाचा रोज होता, आणि माकुडीची माहिती ज्यांना होती ते आम्ही घरी होतो.

दरडींचंही तसंच. 2021च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आले आणि माणसं गेली. त्यानंतर घाटरस्त्यांवरचे सैल दगड काढणं, कड्याला जाळ्या बांधणं या कामांना कुणी नाही म्हणू शकत नाही, मीही म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्या मोजक्या कड्यांवर माकुडी आहे तिथं जाळी बांधण्याआधी एकदा माहीतगार माणसाला विचारावं. बहुतेक वेळा जाळी दोन हात इकडेतिकडे सरकवून भागतं.

गिरिपुष्पाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. उघडे डोंगर हिरवे करायचे म्हणून गेल्या काही दशकांत गिरिपुष्पाची झाडं सर्रास लावली गेली. कड्याच्या पायथ्याशी ती वाढली की पट्टीवर सावली पडते, पाला साचतो, ओल राहते, दुसरं गवत-झुडूप शिरतं. उघडा कातळ म्हणजे ओसाड जागा, ही कल्पनाच आपण टाकून द्यायला हवी. आपल्या भागातल्या कितीतरी देखण्या आणि फक्त इथंच असणाऱ्या वनस्पती या उघड्या कातळावरच्याच आहेत.

चाळकेवाडीचं पठार आणि कास ही त्याची शेजारचीच उदाहरणं. तिथल्या कातळावर पावसाळ्यात वितीवितीची तळी साठतात, आणि त्यांत वायतुरा फुलतो, गुलाबीसर पांढऱ्या फुलांचा दुहेरी तुरा. अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचं नाव, 1982 साली त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद झाली. नावातच सातारा असलेलं हे फूल आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे इथं पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते आले, भराव पडले. कातळावरच्या वीतभर पाण्याची वाट एका ट्रॉली मुरमाने मोडते आणि मग तिथला वायतुऱ्याचा कंद पुढच्या पावसात उठत नाही. कासला 2012 साली जागतिक वारसा लाभला, त्याबरोबर गर्दी आली. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या लोकांनी वनखात्याबरोबर समिती करून ती गर्दी आवरली, रोजची मर्यादा आणली, हे काम फार मोलाचं आहे. तिथंच पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं गेलं, जनावरं बंद झाली, आणि काही वर्षांनी गावकरी आणि अभ्यासक दोघंही सांगू लागले की गवत माजलं, फुलं कमी झाली. कुंपण काढावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या चराईबरोबर ही फुलं जगत आली ती चराई एकदम तोडून चालत नाही. माकुडीला शेरडं नकोत, पठारावरच्या फुलांना थोडी गुरं हवीत. दोन्ही वनस्पती एकाच जिल्ह्यातल्या, एकाच 'दुर्मीळ' शिक्क्याच्या, आणि औषध अगदी उलट. म्हणून सरसकट संरक्षण हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते.

कायदा म्हणाल तर परदेशी निर्यात करायला बंदी असलेल्या वनस्पतींच्या केंद्र सरकारच्या यादीत फ्रेरिया इंडिकाचं नाव स्पष्ट आहे, रुईच्याच कुळातल्या सगळ्या कंदीलपुष्पांच्या शेजारी. ती हवीच. पण निर्यातबंदी लागू होते ती बंदरावर आणि विमानतळावर. 1991 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींसाठी जी अनुसूची जोडली गेली तिच्यात सहाच नावं होती आणि माकुडी त्यांत नव्हती. कड्यावर तिला राखतो तो बीटावरचा वनरक्षक, गुराखी आणि गडावर नेमाने जाणारा माणूस. त्यांना ती ओळखता आली तरच.

तर आता त्या "लावा की नेऊन" या सल्ल्याकडे येतो. माझ्या कुंडीतली माकुडी एका मित्राने दिली, त्याला पुण्यातल्या कुणी दिली, त्या पुण्यातल्या माणसाकडे ती कुठून आली कुणाला माहीत नाही. ती शिवनेरीची असेल, वज्रगडची असेल. एकाच झाडाच्या शंभर कांड्या नेऊन सज्जनगडाच्या कड्यावर खोचल्या तर तिथल्या मूळ झाडांत परक्या गडाचं रक्त मिसळेल, आणि तेही एकाच झाडाचं. कुंडीतला रोग, कीड सोबत जाईल ते वेगळंच. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण, शिरवळचं नवरोजी गोदरेज केंद्र अशा संस्थांतून या वनस्पतीवर जे काम झालं, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांचा जो संग्रह उभा राहिला, त्याचं मोल इथं कळतं. कुठल्या डोंगराची कांडी, कधी आणली, कुणाच्या शेजारी लावली, याची नोंद ठेवून ती जपलेली असते. पुनर्रोपण करायचंच तर ते तिथून, त्याच डोंगरावर, वणवा आणि चराई थांबवल्यावर. माझी कुंडी मी लोकांना दाखवायला ठेवली आहे. गडावर जाणारी पोरं घरी आली की तिच्यासमोर बसवतो, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, म्हणजे दोन्ही रूपं डोळ्यांत बसतात.

फोटोचंही सांगून टाकतो. गडांची नावं पुस्तकांत छापलेली आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पट्टी मात्र मी कुणाला सांगत नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठतात, तो तसाच समाजमाध्यमावर टाकला तर कांड्या जमवणाऱ्याला घरबसल्या वाट मिळते. आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची संकेतस्थळं धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपण होऊन धूसर करतात, ती पद्धत चांगली आहे.

खरा तिढा वेळेचा आहे. माकुडी ओळखू येते ऑगस्ट ते ऑक्टोबर. गडांवरची कामं, रस्त्यांची कामं, दासनवमीआधीची साफसफाई, वणवे, हे सगळं होतं ते तिला पान-फूल नसताना. म्हणून पाहणी भाद्रपदात आणि काम माघात, अशी जोड घालायला हवी. यंदा भाचीने आणि मी फुलांच्या दिवसांत वाटेवरूनच, दुर्बिणीने, पट्ट्या पाहिल्या, कुठल्या बुरुजाच्या कुठल्या बाजूला, किती उंचीवर, ते हाताने काढलेल्या नकाशावर मांडलं. पावसाळी आणि उन्हाळी असे दोन फोटो शेजारी शेजारी छापून घेतले. गडावर काम करणाऱ्या मंडळींकडे तो कागद दिला, एका मुकादमाने तो खिशात न घालता पिशवीत नीट सपाट ठेवला, एवढ्यानेही मला हुरूप आला. ज्या कार्यालयाकडे पत्र पाठवलं तिकडून अजून उत्तर नाही. वनरक्षकाचा मात्र स्वतःहून फोन आला. "सर, जाळरेषा कड्यापासनं किती खाली काढू?" असं त्याने विचारलं. जाळरेषा म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. पायथ्याच्या गवताच्या खालच्या अंगाने, पट्टीवर पाला-दगड न ढकलता, असं आमचं ठरलं आहे. दिवाळीनंतर गवत वाळायला लागेल, त्याच्या आत ती काढायची आहे, आणि भाचीने त्यासाठी कॉलेजातली सहा पोरं जमवली आहेत.